अकरा ऑगस्टचा रविवार : इंदूरमधल्या एका उद्यानविद्या वर्गाचं प्रकरण

इंदूरच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी उद्यानविद्येच्या एक वर्षाच्या पदविकेला शिकवतो. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या वर्गाने दसऱ्याच्या विक्रीसाठी झेंडूच्या ६०० कुंड्या भरल्या. त्यातल्या ५५२ महिन्याभरात पिवळ्या पडल्या आणि ४८ हिरव्यागार राहिल्या. रोपं एकाच बियाण्याची, पाणी एकाच नळाचं, ऊनही तेच. त्या ४८ वेगळ्या का निघाल्या याचा शोध घेताना खतापासून सुरुवात झाली आणि शेवट माझ्या सहीपाशी झाला. म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवतो आहे. कॉलेजचं आणि कुणाही व्यक्तीचं नाव देत नाही. वर्गातल्या एका विद्यार्थिनीला सगळे, मीसुद्धा, ‘काकू’ म्हणत असू. इथेही तेच नाव ठेवतो.

आधी वर्गाबद्दल थोडं. आपल्या देशात कम्युनिटी कॉलेजची सुरुवात १९९५ मध्ये पाँडिचेरीला झाली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून त्यासाठी स्वतंत्र योजना आणली. बारावी झालेल्या, पण शेतकी पदवीला न गेलेल्या किंवा न जाऊ शकलेल्या माणसाला हाताचं कौशल्य मिळावं, हा तिचा गाभा. साधारण ४० टक्के भाग सामान्य शिक्षणाचा आणि ६० टक्के कौशल्याचा. वयाची अडचण नाही. त्यामुळे आमच्या २४ जणांच्या वर्गात १८ वर्षांची मुलं होती, सांवेरकडच्या बटाटेवाल्या शेतकऱ्याचा मुलगा होता, महापालिकेच्या बागेत रोजंदारीवर असलेले दोघे होते, आणि सुदामा नगरातून स्कूटीवर येणाऱ्या ४६ वर्षांच्या काकू होत्या. शिकवणं हिंदीत, पण चहाच्या वेळेला आम्ही पाच-सहा मराठी एका बाकावर. हे वयाचं मिश्रण मला या कॉलेजांचं खरं बळ वाटतं. पदवीच्या वर्गात सगळे एकाच वयाचे, एकाच अनुभवाचे असतात. इथे एकाला रोप कसं धरायचं ते लहानपणापासून ठाऊक असतं आणि दुसऱ्याला हिशेब कसा मांडायचा ते.

झेंडूचा बेत मे महिन्यात ठरला. कुंडीतला झेंडू दसऱ्याला चांगला जातो. बिया ऑगस्टच्या सुरुवातीला टाकायच्या, महिन्याच्या शेवटी रोपं कुंडीत घ्यायची, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फुलं. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता, म्हणजे वेळेचं गणित बसत होतं. कुंडीतलं मिश्रण नेहमीचंच : काळी माती, बालू रेती आणि कंपोस्ट, तिन्ही सारखं. आपली माळव्याची काळी माती एकटीच कुंडीत भरली तर पाणी पडल्यावर फुगते आणि सुकल्यावर दगड होते, कुंडीच्या कडेला बोटभर फट पडते. तिला मोकळं करायचं काम रेती आणि कंपोस्ट करतात. कंपोस्ट विकत न आणता आपणच करायचं असं ठरलं, कारण ते अभ्यासक्रमातच होतं.

इंदूरमध्ये कंपोस्ट शिकवणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही. जगभरात जिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती याच शहरात घडली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड बिहारातल्या पुसाहून १९२४ मध्ये इथे आले. होळकर दरबाराने जमीन दिली आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत कसं करावं यावरचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्यावर दोन नावं आहेत : हॉवर्ड आणि यशवंत वाड. दुसरं नाव बहुतेकांना माहीत नसतं. मी पहिल्याच तासाला फळ्यावर दोन्ही लिहितो. गांधीजी १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा वेळ काढून हे खताचं काम बघायला गेले होते, हेही सांगतो. मुलांना वाटलं पाहिजे की हे ज्ञान कुठून तरी लांबून आलेलं नाही, ते आपल्या पायाखालच्या जमिनीत झालं आहे.

पद्धत थोडक्यात अशी. पाचोळा, गवत, पिकाचे अवशेष यांचे थर, मध्ये शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख. सगळं ओलसर ठेवायचं, पिळलं तर हाताला ओल लागावी पण थेंब पडू नये इतपत. पंधरा दिवसांनी पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत खत तयार. पलटी कशासाठी? ढिगात हवा जावी म्हणून. हवेवर जगणारे सूक्ष्मजीव काम करत असले की ढीग तापतो, आत लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून काढली तर हातात धरवत नाही. हवा संपली की दुसरेच जीव कामाला लागतात, ढीग थंड पडतो आणि त्याला आंबूस वास येतो.

आम्ही १२ जूनला खड्डा भरला. दहा फूट लांब, पाच रुंद, तीन खोल. आवारातला पिंपळ, सागवान आणि गुलमोहराचा पाचोळा, लॉनचं कापलेलं गवत, एका गोशाळेतून दोन ट्रॉल्या शेण. पाचोळा भरपूर होता, शेण हवं तेवढं नव्हतं. तेव्हा त्याकडे दुर्लक्ष झालं.

१ ऑगस्टला प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेमध्ये, बी टाकलं. उगवण उत्तम झाली. २८ आणि २९ ऑगस्ट असे दोन दिवस कुंड्या भरणं चाललं. खड्ड्यातलं वरचं खत काढायचं, चाळायचं, चाळणीखाली पडेल ते मिश्रणात घ्यायचं. चाळलेलं खत काळंभोर, भुसभुशीत दिसत होतं. मी मूठभर हातात घेऊन वर्गाला दाखवलं आणि म्हणालो, “बघा, असं पाहिजे.” याबद्दल पुढे लिहितो.

पहिले दहा-बारा दिवस रोपं छान होती. मग गौरी आल्या. १० ते १२ सप्टेंबर काकू घरी होत्या, आवाहन, पूजन, विसर्जन. १३ तारखेला शुक्रवारी आल्या आणि पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आत म्हणाल्या, “सर, खालची पानं पिवळी पडून राहिलीत. मी गेली तेव्हा नव्हती.”

आम्ही बाकीचे रोज त्या वाफ्यांमधून चालत होतो. आम्हाला दिसलं नव्हतं. रोज थोडं थोडं बदलणारं रोज बघणाऱ्याला दिसत नाही, तीन दिवस बाहेर राहून आलेल्याला दिसतं. हे लक्षात आल्यापासून मी वर्गाला दर शुक्रवारी त्याच ठिकाणी उभं राहून त्याच दिशेने फोटो काढायला लावतो.

माझं पहिलं निदान : पाणी जास्त. पाऊस अजून चालू होता, कुंड्या उघड्यावर होत्या, काळी माती पाणी धरून ठेवते. कुंड्या विटांवर चढवल्या, खालची भोकं मोकळी केली, झारीचं पाणी बंद केलं. चार-पाच दिवस गेले. अनंत चतुर्दशीला शहर रात्रभर झांक्या बघायला रस्त्यावर होतं, कॉलेज बंद. १८ तारखेला येऊन बघतो तर पिवळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत चढलेला.

माझं दुसरं निदान : लोहाची कमतरता. हे चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे सांगणारी खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. नत्र, म्हणजे नायट्रोजन, झाडाच्या अंगात फिरतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात आणि पूर्ण पान एकसारखं फिकट होतं. लोह तसं फिरत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. हा धडा मी दरवर्षी शिकवतो, फळ्यावर दोन पानं काढून. तरीही मी लोहाकडे गेलो, कारण मागच्या उन्हाळ्यात बोअरच्या जड पाण्यामुळे आमच्या लिंबांना आणि गुलाबांना लोहाचाच त्रास झाला होता आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फवारल्यावर तो बरा झाला होता. समोरचं पान न बघता मी आठवणीतलं पान बघितलं. हिराकसाची फवारणी केली, लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घालून. पाच दिवसांत काही फरक नाही.

एक गोष्ट मात्र रोज खटकत होती. पिवळ्यांमध्ये अधूनमधून एखादी कुंडी गर्द हिरवी होती. इथे एक, तिथे दोन, कुठे ओळीत तीन. ती कुठल्या एका वाफ्यात नव्हती, म्हणून मी तिला बियाण्यातला फरक समजून सोडून दिलं. कुंड्या भरल्यानंतर अंतर राखण्यासाठी दोनदा इकडच्या तिकडे हलवल्या होत्या, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

२३ सप्टेंबर, सोमवार. काकू चहाच्या वेळेला बाकावर बसल्या नाहीत. वाफ्यात उकिडव्या बसून एकेका हिरव्या कुंडीचा काठ बोटाने चाचपत होत्या. मग मला हाक मारली. कुंडीच्या काठाखाली, पानांच्या आड, सुतळीचा एक वेढा होता. दुसऱ्या हिरव्या कुंडीला तसाच. तिसऱ्या. शेजारच्या पिवळीला नाही.

“ही मी बांधली,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या दिवशी चाळलेलं खात संपलं, पाऊस आला. मग स्टोअरमागचं मागल्या वर्षीचं पोतं फोडलं नव्हतं का आपण? त्याच पोत्याची सुतळी.”

“पण बांधली कशाला?”

“दोन वेळचं लोणचं एका बरणीत घालत नाही मी, सर. घालावंच लागलं तर खूण ठेवते. एक बिघडलं तर कळायला पाहिजे ना कुठलं.”

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कॉलेजची जर्नल नव्हे, किराण्याच्या हिशेबाची लांबट वही, कोपरे ओलाव्याने फुगलेले, एका पानावर मातीचा अंगठा. २९ ऑगस्टच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं मी जसंच्या तसं उतरवतो : “संध्या. ५. चाळलेलं संपलं. मागल्या वर्षीचं पोतं, दीड. ४८ कुंड्या. सुतळी बांधली. वास मातीचा. खड्ड्याच्या खाताचा वास वेगळा, इडलीचं पीठ उतू गेल्यासारखा.”

आम्ही मोजल्या. सुतळीच्या ४८. हिरव्या ४८.

त्या दुपारी वर्ग खड्ड्यावर नेला. वरचा हातभर थर बाजूला केल्यावर फावडं जिथे लागलं तिथून पिंपळाची पानं अख्खी निघाली. लहानपणी वहीत पान ठेवून आपण जाळी करायचो, तशी शिरांची जाळी शाबूत आणि मधलं पान बुळबुळीत. खाली पाणी साचलेलं होतं, वास गटारासारखा. आणि मग कळलं की चाळणीने आमचं काय नुकसान केलं. न कुजलेली पानं चाळणीवर राहिली, बारीक तुकडे खाली पडले, आणि बारीक तुकडा ओला असला की काळाच दिसतो. मी मुठीत धरून “असं पाहिजे” म्हणालो ते हेच. खत शिजलं की नाही हे रंगावरून ठरवायचं नसतं. वास घ्यायचा असतो, आणि तो मी घेतला नव्हता. काकूंनी घेतला होता आणि लिहून ठेवला होता.

अर्धकच्च्या खतात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण घरच्या कुंड्यांतही हा घोटाळा फार होतो. सुक्या पाचोळ्यात कर्ब (कार्बन) फार आणि नत्र फार थोडं असतं. पाचोळा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं. ढिगात शेण पुरेसं असेल तर ते तिथून घेतात. नसेल आणि असं खत कुंडीत गेलं, तर ते मातीत असलेलं नत्र ओढून घेतात. रोप आणि सूक्ष्मजीव एकाच ताटात जेवायला बसतात आणि सूक्ष्मजीवांचा हात आधी पोचतो. ढीग लावताना कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण तीसास एक धरतात, तयार खतात ते वीसास एकच्या खाली आलेलं असतं. आमच्या खड्ड्यात पाचोळा जास्त, शेण कमी, म्हणजे सुरुवातच वाईट. वर पाणी साचून हवा बंद. अशा कुजण्यात तयार होणारी आम्लं मुळांना जाळतात, तो दुसरा मार.

अंदाजावर थांबायचं नाही असं ठरवून आम्ही तीन सोप्या चाचण्या केल्या. पहिली, पन्नीची, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीची. ओलसर खत झिपवाल्या पन्नीत हवा काढून बंद केलं आणि तीन दिवस सावलीत ठेवलं. खड्ड्याच्या खताची पन्नी फुगली आणि उघडल्यावर वर्ग मागे सरकला. मागल्या वर्षीच्या खताची पन्नी तशीच राहिली. दुसरी, मेथीची. तीन थाळ्यांत प्रत्येकी २५ दाणे : खड्ड्याच्या खतात १३ उगवले, जुन्या खतात २३, नुसत्या ओल्या रेतीत २४. तिसरी चाचणी रोपावरच. १२ पिवळ्या कुंड्यांना लिटरला तीन ग्रॅम युरिया घालून पाव लिटर पाणी दिलं, शेजारच्या १२ ना साधं पाणी. नऊ दिवसांत पहिल्या बाराची नवी पानं गर्द झाली. नत्राचीच भूक होती.

इथपर्यंत हे खताचं प्रकरण होतं. पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला : खड्ड्याला तीन पलट्या दिल्या होत्या, असं जर्नल सांगत होतं. तीन पलट्या झालेल्या खड्ड्यात पिंपळाचं अख्खं पान कसं?

त्या रात्री २४ जर्नल घरी नेल्या आणि शेजारी शेजारी उघडल्या. २३ जर्नलमध्ये एकच मजकूर, सुवाच्य अक्षरात, समास आखून. पहिली पलटी २७ जून. दुसरी १२ जुलै. तिसरी ११ ऑगस्ट. खड्डा भरल्यापासून बरोबर १५, ३० आणि ६० दिवस. खाली माझी सही, २० ऑगस्टची. मी सहज कॅलेंडर उघडलं. ११ ऑगस्ट २०२४ ला रविवार होता. रविवारी आमच्या कॉलेजचं फाटक उघडत नाही.

चोविसावी जर्नल काकूंची. त्यात एवढंच होतं : “२९ जून, पलटी दिली. अर्ध्यात पाऊस. १२ जुलै, परीक्षा, पलटी नाही. नंतर नाही.” तिच्यावरही माझी सही होती. लाल शाईने लिहिलेलं होतं : “नोंदी अपूर्ण.” आणि २० पैकी ११ गुण. बाकीच्यांना १६ ते १८.

मी हे वाक्य सौम्य करून लिहिणार नाही. ज्या एका विद्यार्थिनीने खरं लिहिलं तिचे गुण मी कापले, आणि ज्यांनी पुस्तकातून तारखा मोजून उतरवल्या त्यांना दिले.

दुसऱ्या दिवशी वर्गाशी बोललो, रागावून नाही. मला खरंच समजून घ्यायचं होतं. मुलांचं म्हणणं सरळ होतं. जर्नल सहीसाठी असते. अपूर्ण प्रयोग दाखवला तर सही मिळत नाही, सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. आधीच्या वर्षीच्या मुलांकडून जर्नल मिळते, तारखा बदलायच्या. सांवेरच्या मुलाने तर मला निरुत्तर केलं. तो म्हणाला की पावसाळ्यात खड्ड्यात खत कुणी करत नाही, त्याच्या घरी आषाढ लागायच्या आधी उकिरडा उंचवट्यावर रचतात. “मग तेव्हा बोलला का नाहीस?” “सर, आपण खड्डा शिकवला होता.”

तो बरोबर होता, आणि हॉवर्ड-वाडही त्याच्याच बाजूचे. इंदूर पद्धतीत खड्डा कोरड्या दिवसांसाठी आहे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं म्हणून ढीग जमिनीच्या वर लावायचा, जमलं तर छपराखाली, हे त्या पद्धतीतच सांगितलेलं आहे. आमच्या टिपणांमध्ये खड्ड्याची मापं होती, पलट्यांचे दिवस होते, ऋतू नव्हता. ज्या शहराच्या पावसाने त्यांना हे शिकवलं, त्याच शहरात, त्याच पावसात आम्ही खड्डा भरला.

कौशल्याचे ६० टक्के तास मोजायचे कसे, ही या सगळ्यामागची अडचण आहे असं मला वाटतं. हाताने काय केलं ते कुणाला मोजता येत नाही, भरलेली पानं मोजता येतात. मग पानं भरली जातात. यात मुलं लबाड आहेत असं मी मानत नाही. आपण त्यांना जे मागतो ते ती देतात. मी स्वच्छ जर्नल मागितली, त्यांनी स्वच्छ जर्नल दिली. बागेत काम करणाऱ्याची वही तशी स्वच्छ राहूच शकत नाही. बोटाला माती असते, मध्येच पाऊस येतो, अर्धं वाक्य राहून जातं. आणि ठरलेलं काम झालं नाही, ही बागेतली सगळ्यात कामाची नोंद असते, कारण पुढचं नुकसान बहुतेक वेळा तिथूनच निघतं. तिलाच मी अपूर्ण म्हटलं होतं.

आता कुंड्यांचं काय झालं ते. वर्गात थोडी वादावादी झाली. काहींचं म्हणणं होतं की युरिया द्यायचा नाही, सरकीच्या पेंडीचं पाणी किंवा जीवामृत द्यावं, सेंद्रिय म्हणून विकता येईल. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण पेंडही कुजूनच नत्र देते आणि आमच्याकडे अडीच आठवडे होते. मी विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) आठवड्यातून एकदा, लिटरला तीन ग्रॅम, असं ठरवलं. ज्यांची मुळं तपकिरी आणि मऊ झाली होती त्या ९७ कुंड्या उपटल्या. उरलेल्या ४५५ सावरल्या, पण वाढ तीन आठवडे मागे पडली. सुतळीच्या ४८ कुंड्यांची फुलं ७ ऑक्टोबरपासून उमलली आणि दसऱ्याला ४० रुपयांनी सगळ्या गेल्या. धनत्रयोदशीपर्यंत आणखी ३१० फुलल्या, त्या ३० रुपयांनी. बाकीच्या १४५ आवारातल्या वाफ्यांत लावल्या. एकूण ११,२२० रुपये हाती आले. ठरवलं होतं २४,०००. कुंड्या, बी, रेती, कोकोपीट मिळून खर्च ९,६०० च्या आसपास होता, म्हणजे तोटा झाला नाही, पण दसऱ्याच्या सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी मांडायला आमच्याकडे फक्त ४८ कुंड्या होत्या आणि साडेनऊलाच टेबल रिकामं झालं. गिऱ्हाईक विचारत होतं आणि मागे पाच वाफे हिरवी पानं घेऊन बिनफुलांचे उभे होते. त्या सकाळी वर्गातलं कुणी फारसं बोललं नाही.

गुणांचं प्रकरण मात्र सुटलं नाही. मी काकूंचे गुण दुरुस्त करण्यासाठी अर्ज दिला, कारण लिहून. अंतर्गत गुण एकदा पाठवल्यावर बदलता येत नाहीत, असं उत्तर आलं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू द्या सर, मला कुठे नोकरी करायचीये.” मला ते राहू देववत नाही. त्यांची पदविका झाली, गच्चीवर आता तुळस, मोगरा आणि झेंडूच्या कुंड्या विकायला असतात, शेजारपाजारचे येऊन घेऊन जातात. पण गुणपत्रिकेवर तो आकडा आहे आणि तो माझ्या हातचा आहे.

२०२५ च्या वर्गासाठी तीन गोष्टी बदलल्या. ढीग आता पत्र्याच्या छपराखाली, जमिनीवर लावतो, आणि पाचोळ्याच्या गाडीबरोबर शेणाची गाडी आल्याशिवाय लावत नाही. कुठलंही खत कुंडीत जाण्याआधी पन्नी आणि मेथीच्या चाचणीतून जातं. आणि जर्नल घरी नेऊन लिहायची नाही. प्रत्येकाला किराण्याची लांबट वही आणि पेन्सिल दिली आहे. ती वाफ्यावरच भरायची आणि सही मी वाफ्यावरच करतो, त्याच दिवशी. वही मळकी आहे म्हणून गुण जात नाहीत. तारीख पुस्तकाप्रमाणे बरोबर आली तर मी उलट विचारतो, “वार कोणता होता? आकाश कसं होतं? फावडं कुणाच्या हातात होतं?”

पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांच्या वह्यांत सगळी कामं वेळेवर होत होती. मग जुलैच्या मधोमध एका मुलीची वही सहीला आली. नुकतीच बारावी झालेली, फार बुजरी मुलगी. वही पुढे करताना तिने पान हाताने अर्धं झाकलं होतं. मी हात बाजूला करायला सांगितला. पेन्सिलीने लिहिलं होतं : “आज दुसरी पलटी होती. झाली नाही. स्टोअरला कुलूप, किल्ली मिळाली नाही. ढीग कोमट. वास अजून मातीचा.”

मी खाली सही केली, तारीख घातली, आणि आम्ही दोघं किल्ली शोधायला गेलो.